चार सेकंद मागे

बोलायची पाळी

इंदूला ब्राझील लागलं तेव्हा अनंतराव औसेकर दाढी करत होते. अर्धी झाली होती. दुसऱ्या गालावर साबण तसाच ठेवून ते रेडिओच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"ब्राझील?"

"मग काय खोटं सांगते का? हे बघा. लुईस नाव हाय त्याचं. मासे धरायचा नाद हाय म्हणे, फोटो टाकलाय."

"आवाज ऐकलास त्याचा?"

"मी कशाला ऐकू? लॅपटॉपनं ऐकला."

अनंतराव आरशापुढे परत गेले आणि उरलेली अर्धी करताना हनुवटीखाली कापून घेतलं.

ब्राझील त्यांनाही लागलं होतं. अठ्ठावीस वर्षांत एकदा. त्या वेळी इंदू तान्ह्या मुलाला, आलोकला, मांडीवर घेऊन भरवत होती आणि अनंतराव पितळेच्या कीवर, त्या बोटानं दाबायच्या खटक्यावर, मोर्सचे लांब-आखूड ठोके वाजवत होते. तीन महिने वाजवल्यावर पलीकडून उत्तर आलं आणि पुढे सात महिन्यांनी पोस्टानं पोपटाचं चित्र असलेलं कार्ड आलं. ते कार्ड खोलीच्या भिंतीवर मधोमध होतं. भोवती बाकीचे देश. जपान, बल्गेरिया, मादागास्कर. सगळे मिळून त्रेसष्ट. भिंत बघायला कॉलेजची मुलं यायची आणि अनंतराव एकेका कार्डाची हकिकत सांगायचे, चहा निवेपर्यंत.

इंदूचे एक्केचाळीस झाले होते. दोन महिन्यांत.

"कार्ड कुठंय?" ते जेवताना म्हणाले.

"मेलवर आलं."

"मेल भिंतीला लावता येतो का?"

"भिंतीत जागा कुठं ठेवलीय तुम्ही?"

हे बोलणं वाढलं नाही, कारण वरच्या मजल्यावरच्या मुलींचा पाण्याचा पंप चालू झाला आणि कुणाला काही ऐकू येईना. त्या मुली म्हणजे

ऐकायची पाळी

म्हणजे पेइंग गेस्ट. आठ जणी. डॉक्टर व्हायला चाकूर, उदगीर, देगलूर, कुठून कुठून लातूरला आलेल्या. वर आठ आणि समोर सहा मजली होस्टेल, त्याच्या कपाळाला एलईडीची पाटी. त्याच्या शेजारी अजून एक होस्टेल, त्याच्यापलीकडे क्लास. प्रत्येक खोलीत चार चार्जर, दोन पंखे, एक स्वस्तातला इन्व्हर्टर. ही सगळी उपकरणं रेडिओच्या लहरींत जी घाण सोडतात ती कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये भजी तळल्यासारखी ऐकू येते. दरवर्षी लातूरचा निकाल मोठा लागायचा आणि दरवर्षी अनंतरावांच्या कढईतलं तेल जास्त तापायचं. पाच-सात वर्षांपूर्वी शेवटचा बल्गेरिया त्यात बुडाला. त्यानंतर ते की नुसती पुसून ठेवत.

आता लॅपटॉप. रेडिओला एका डबीतून जोडायचा. लॅपटॉप पंधरा सेकंद एक बारीक सूर सोडतो, त्या सुरात अक्षरं गुंफलेली असतात. मग पंधरा सेकंद गप्प बसून ऐकतो. मग पुन्हा पंधरा. जगभर सगळे याच पाळीनं चालतात, म्हणून तेलाच्या आवाजाखाली गाडला गेलेला सूरही त्याला सापडतो, माणसाच्या कानाला जो जन्मात सापडणार नाही. अट एकच. सगळ्यांची घड्याळं जुळलेली पाहिजेत. एखाद-दोन सेकंदांचा फरक चालतो. त्यापुढे गेलं की समोर सुरांच्या रेघा दिसतात, पण अक्षर एक उमटत नाही.

अनंतरावांना याचाच राग होता. आपले कान हरले याचा नाही. यंत्राचे कान जिंकले आणि ते यंत्र इंदूपुढे होतं, याचा.

इंदू शाळेतून रिटायर झाल्यावर परीक्षेला बसली होती. हौशी रेडिओ चालवायला सरकारचं लायसन लागतं आणि त्याच्या पहिल्या पायरीला आता मोर्स लागत नाही.

"मोर्स न शिकता लायसन," अनंतराव तेव्हा म्हणाले होते.

"तुम्ही वाजवायला बसायचा तेव्हा ऐकलं की मी वीस वर्षं. तेवढं पुरे झालं."

"तेव्हा तू काय म्हणायचीस? बेडूक ओरडून राहिला म्हणायचीस."

"मग ओरडायचाच."

बोलायची पाळी

एक गोष्ट मात्र इंदूकडे नव्हती. किल्लारी.

भूकंप झाला त्या दिवशी अनंतराव जीपमध्ये सेट आणि दोन बॅटऱ्या टाकून किल्लारीला गेले. ताडपत्रीखाली बसले आणि नऊ दिवस उठले नाहीत. कोण जिवंत आहे, कोण कुठल्या दवाखान्यात आहे, कुठे किती पांघरुणं हवीत, हे सगळं त्यांच्या बोटांतून बाहेर गेलं. टेलिफोनच्या तारा जमिनीवर पडल्या होत्या. चारशेच्या वर निरोप. तेव्हापासून मराठवाड्यात रेडिओ म्हटलं की अनंतराव. दर तीस सप्टेंबरला कुणी ना कुणी फोन करायचं.

आणि तेव्हापासूनच ती रीत पडली. ताडपत्रीखाली प्रत्येक निरोपावर वेळ लिहावी लागे आणि दहा ठिकाणची दहा घड्याळं दहा वेळा दाखवत. म्हणून रोज सकाळी अनंतराव आपल्या मनगटावरच्या घड्याळावरून मोजून वेळ सांगत आणि बाकीचे लावून घेत. पुढे नांदेड-लातूरच्या हौशी रेडिओवाल्यांचं मंडळ निघालं, दर रविवारी सगळे हवेवर भेटू लागले, तरी पहिलं काम तेच राहिलं. अनंतराव आकाशवाणीच्या ठोक्यांवर घड्याळ लावून बसत आणि उलटे आकडे मोजत. पाच, चार, तीन, दोन, एक, आता. मोबाईल आले, सॅटेलाइटची वेळ आली, तरी मंडळात म्हणत, सरांचा टाइम घेतला का? कुणी तपासत नसे. तपासणं म्हणजे सरांचा अपमान.

भूकंपाला पंचवीस वर्षं झाली त्या वर्षी मंडळानं ठरवलं, तीस तारखेला रंगीत तालीम करायची. मोबाईल नाही, इंटरनेट नाही असं धरून किल्लारीतून लातूरला आणि लातूरहून नांदेडला निरोप न्यायचे. तहसीलदार येणार होते, शाळांचे मास्तर येणार होते. मधलं ठाणं लातूरचं, एका शाळेच्या सभागृहात. दयानंदनं नांदेडहून फोन केला. हा दयानंद चाकूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, कॉलेजात अनंतरावांचा विद्यार्थी. त्याला की कशी धरायची ते अनंतरावांनी शिकवलं होतं. आता तो नांदेडच्या एका क्लासची कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा आणि मंडळाचा सेक्रेटरी होता.

"सर, यंदा सगळं डिजिटल करून राहिलो आपण."

"करा की."

"लातूरच्या टेबलावर काकूंना बसवावं म्हणतो. त्यांचा हात बसलाय."

अनंतराव म्हणाले, "छान." आणि फोन इंदूकडे दिला. मग गच्चीवर जाऊन अँटेनाची तार नीट आहे का ते बघितलं. ती नीटच होती. मुलींनी तिच्यावर ओढण्या वाळत घातल्या होत्या, त्या त्यांनी एकेक काढून कठड्यावर ठेवल्या, नको तितक्या व्यवस्थित घड्या घालून.

इंदूची वही, पान तीन

लॅपटॉप क्लासचा आहे. आलोकनं त्याचा परत नेला म्हणून दयानंदनं हा पाठवला. आधी त्यातले टेस्ट सिरीजचे धडे काढले.

आवाज: लॅपटॉपचे स्वतःचे टिंग-टुंग सगळे बंद. नाहीतर तेही हवेत जातात.

डबी ओळखली. बोलायची वायर आणि ऐकायची वायर वेगळी. उलटी लावली होती, मग सुलटी.

सूर किती मोठा ठेवायचा: रेडिओवरचा काटा हलू लागला की थोडा कमी. हावरटपणा नको.

वायफाय बंद. तालमीत नसणार, म्हणून आत्तापासूनच बंद.

वेळ:

ऐकायची पाळी

वेळेपुढे इंदूनं काही लिहिलं नव्हतं. ती खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "वेळ तुम्ही लावा."

"मी कशाला? तुला येतंय की सगळं."

"येतं. पण वेळ तुमचीच पाहिजे."

तिनं ती गोष्ट मनापासून दिली होती. अनंतरावांना तसं दिसलं नाही. पंगत उठल्यावर वाढप्याला विचारावं, तुम्ही जेवलात का, तसं त्यांना वाटलं. एक्केचाळीस देश तिचे, टेबल तिचं, आणि यांनी घड्याळ लावायचं.

ते बसले. मनगट लॅपटॉपशेजारी ठेवलं. पडद्यावर दहा वाजून वीस मिनिटं, शून्य सेकंद असं भरलं. घड्याळाचा काटा बारावर आला की बटण दाबायचं, इतकंच काम. इंदू मागे उभी राहून पदरानं चष्मा पुसत होती. काटा बारावर आला.

अनंतरावांचं बोट बटणावर होतं. ते खाली गेलं नाही.

एक. दोन. तीन. चार.

मग दाबलं.

"झालं?"

"झालं."

इंदूनं वही ओढली आणि वेळेपुढे लिहिलं, यांनी लावली. बरोबर.

इंदूची वही, पान चार, पाच, सहा

शुक्रवार. रेघा दिसतात, अक्षर नाही. हाक मारली, उत्तर नाही.

शनिवार. नवी वायर. तेच.

सोमवार. नांदेडशी सराव. दयानंद म्हणतो, काकू तुमचा सूर इथं ठळक दिसतो पण वाचता येत नाही. मलाही त्याचा वाचता येत नाही.

सोमवार संध्याकाळ. तळणाचा आवाज अडवायला वायरीला लोखंडी कडं घातलं.

मंगळवार. कार्यक्रम काढून पुन्हा टाकला.

बुधवार. वरच्या मुलींना तासभर सगळे चार्जर काढायला लावले. बिचाऱ्यांनी काढले. तेच.

गुरुवार. वय झालं का?

बोलायची पाळी

या दिवसांत अनंतरावांना भूक चांगली लागत होती. हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं आणि बरं वाटलं नाही, पण भाकरी तर जात होती. संध्याकाळी ते की काढून पुसत. एकदा तर त्यांनी तिचा स्क्रू पण आवळला.

बुधवारी दयानंदनं फोनवर विचारलंच. इंदूनं फोन मोठ्यानं बोलायला लावला होता, त्यामुळे अनंतरावांना सगळं ऐकू आलं.

"काकू, टाइम बघितला का एकदा?"

अनंतराव भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांचा हात थांबला.

"टाइम यांनी लावलाय," इंदू म्हणाली.

"असं का. मग टाइम न्हाई," दयानंद म्हणाला. "मग डबीच हाय बघा. डबी बदलू."

विषय संपला. इतक्या सहज संपला की अनंतरावांना क्षणभर राग आला, दोघांचा. एकानं तरी म्हणायला हवं होतं की सरांचाही टाइम चुकू शकतो. कुणी म्हणालं असतं तर ते उठले असते, लॅपटॉपपुढे बसले असते, अरेच्चा म्हणाले असते आणि सगळं मिटलं असतं. पण म्हणणार कोण?

शुक्रवारी इंदूनं डबी, वायरी, वही सगळं एका पिशवीत भरलं.

"मी दयानंदला सांगते, माझ्यानं होत न्हाई. तुम्ही बसा की घेऊन. तुमचं तरी हमखास जातं."

"तुला इतकं काय पडलंय त्या टेबलाचं?" अनंतरावांनी विचारलं. बराच वेळ मनात होतं, ते असं वाकडं बाहेर पडलं.

इंदूनं पिशवीची गाठ मारली. "भूकंपात मी नांदेडला माहेरी होते. आठवतं का? आलोक दोन वर्षांचा. चारशे लोकांचे निरोप गेले तुमच्या हातातून. नांदेडला एक आला न्हाई."

"लाइन लोकांसाठी होती, इंदू. घरचं कसं..."

"तेच म्हणते. मला तेव्हा राग न्हाई आला. हेवा वाटला. तुमच्या टेबलाचा. आपण पण त्या टेबलावर असतो तर सगळ्यात आधी आपल्यालाच कळलं असतं, असं वाटायचं. पंचवीस वर्षं वाटतंय."

अनंतरावांनी शेंगांची फोलपटं कागदात गोळा केली.

दयानंदनं इंदूचं ऐकलं नाही. पहिली दहा मिनिटं काकू लॅपटॉपवर प्रयत्न करतील, म्हणाला, आणि नाहीच चाललं तर शेजारी सर की घेऊन बसलेलेच असतील.

ऐकायची पाळी

रविवार, तीस तारीख. सभागृहात सतरंज्या, पुढे टेबल. टेबलावर रेडिओ, लॅपटॉप, आणि बाजूला स्वच्छ रुमालावर पितळेची की. सगळ्यांचे मोबाईल एका टोपलीत जमा केले होते. किल्लारीहून मलप्पा, एसटीतून रिटायर झालेले, माइकवर हजेरी देऊन गेले. नांदेडहून दयानंद. दहाला पाच कमी होते.

"बाई, हे चालंना म्हणे?" एका मास्तरांनी इंदूला विचारलं.

"बघू. माझंच काय तरी चुकतंय. एक वेळ सोडून सगळं तपासलं."

"वेळ का सोडली?"

"ती यांनी लावलीय," इंदू म्हणाली आणि पडद्याकडे वळली. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि तिच्या अंगठ्याला वायर सोलताना कापलेलं होतं. त्यावर चिकटपट्टी होती.

दयानंदचा आवाज आला. "सर, टाइम द्या. सगळे सरांच्या टाइमवर लावून घ्या."

अनंतरावांनी माइक उचलला. समोर दोन घड्याळं होती. मनगटावरचं, आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं, चार सेकंद मागे चालणारं. आयुष्यात त्यांनी चुकीची वेळ कुणाला सांगितली नव्हती. आजही खरीच सांगायची होती. खरी सांगितली की नांदेड आणि किल्लारी खऱ्या वेळेवर लागणार, इंदूचा लॅपटॉप मागे राहणार, दहा मिनिटं बहिरा बसणार, आणि मग सगळे कीकडे बघणार. त्यांना काहीच वाईट करायचं नव्हतं. फक्त नेहमीसारखं खरं बोलायचं होतं.

मनगटावर दहाला दहा सेकंद कमी होते.

त्यांनी मनगट टेबलाखाली घेतलं.

"पाच," लॅपटॉपकडे बघत ते म्हणाले. "चार. तीन. दोन. एक. आता."

"घेतला, सर," नांदेड म्हणालं.

"घेतला," किल्लारी म्हणाली.

पहिली पाळी गेली. दुसऱ्या पाळीच्या शेवटी इंदूच्या पडद्यावर एक ओळ उमटली. मग तिच्याखाली दुसरी. किल्लारीची, नांदेडची. दहा दिवसांत पहिली अक्षरं. इंदूनं चष्मा काढला, परत घातला आणि किल्लारीला उत्तर पाठवलं.

पुढचा दीड तास ती उठली नाही. एका वेळी तेराच अक्षरं जातात, म्हणून दयानंदनं गावांचे आणि गरजांचे आकडे ठरवले होते. मलप्पा आकडे पाठवत, इंदू ते वहीत घेई, नांदेडला पुढे करी. एक आकडा चुकला नाही. तहसीलदार मागे उभे राहून बघत होते. मग त्यांनी खुर्ची ओढली. मास्तरांची गर्दी झाली. कीभोवती मोकळी जागा राहिली आणि कुणीतरी त्या रुमालावर चहाचा कप ठेवला.

अनंतरावांनी कप उचलून खाली ठेवला. आपणच हे घडवलं, हे त्यांना माहीत होतं. आपण एक आकडा खोटा मोजला म्हणून हे चाललंय. ते कुणाला सांगता येत नव्हतं, आणि इंदूकडे ज्या तऱ्हेनं लोक बघत होते त्याच्यानं जळफळाट होत होता, तो होतच होता. तो काही कमी झाला नव्हता. उलट आता त्याला तोंडच उरलं नव्हतं.

"यांनी शिकवलं असंल तुम्हाला," तहसीलदार हसून म्हणाले.

"यांनी वेळ दिली," इंदू म्हणाली.

बोलायची पाळी

तालीम संपली. लोक टोपलीतून मोबाईल शोधू लागले. टाळ्या झाल्या, तहसीलदार गेले. सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली, तेवढ्यात रेडिओवर एक जाडा आवाज आला. हैदराबादचे रेड्डीसाहेब, जुने दोस्त, सकाळपासून बाजूला बसून ऐकत होते.

"औसेकर साब, आदाब. आप तीनों की लकीरां तो खूब दिखीं यहाँ, मगर हर्फ एक नै आया. बाकी मुल्क सब आ रा. तुम लोगां किसका टाइम लगाए?"

अनंतरावांनी माइक घेण्याआधी इंदूनं घेतला. "देखती हूँ, रेड्डीसाब," ती म्हणाली आणि माइक खाली ठेवला.

ती थोडा वेळ पडद्याकडे बघत बसली. रेघा सगळीकडे होत्या, जगभरच्या. अक्षरं फक्त दोघांची. ज्या दोघांनी सकाळी सरांचा टाइम घेतला होता त्यांची. तिनं अनंतरावांचा हात धरला, मनगट ओढून लॅपटॉपशेजारी आणलं आणि दोन्ही घड्याळं बघितली. पूर्ण एक मिनिट बघितली. सतरंजी गुंडाळणाऱ्या मास्तरांना वाटलं, नवरा-बायको हात धरून बसलेत, आणि ते दुसरीकडे बघू लागले.

"कधीपासून?" इंदू म्हणाली.

"लावला तेव्हापासून."

"तुमच्या बोटाला उशीर झाला?"

"झाला न्हाई." ते थांबले. "केला."

इंदूनं मनगट सोडलं.

"आठ पोरींचे चार्जर काढायला लावले मी. वहीत लिहिलं, वय झालं का. वाचलं असंल तुम्ही."

"वाचलं."

"वाचून शेंगा खाल्ल्या."

अनंतरावांनी घड्याळाचा पट्टा सारखा केला.

"आज खरा टाइम दिला असता तर तुम्हीच बसला असता इथं," ती म्हणाली.

"हाव, बसलो असतो."

"मग?"

"मग काय. न्हाई दिला."

"का?"

"तू म्हणालीस, वेळ सोडून सगळं तपासलं." त्यांना अजून काही सांगायचं होतं, पण ते सापडेना. "आणि तरी बघ, लई जळलो. तू आकडे घेत होतीस तेव्हा पण. अजून जळतोय."

इंदूच्या चेहऱ्यावर एक विचित्र भाव आला. रागच होता, पण त्याच्या कडेनं दुसरं काहीतरी सरकून गेलं. पंचवीस वर्षं एका टेबलाकडे बघत बसलेल्या बाईला ही भाषा नवी नव्हती.

"दयानंदला तुम्ही कळवा," ती म्हणाली. "अन् मलप्पांना."

अनंतरावांनी माइककडे हात नेला.

"माइकवर न्हाई. माइकवर तुम्ही दहा मिनिटं बोलाल अन् शेवटी किल्लारीच्या ताडपत्रीत जाल. याच्यावर कळवा. तेरा अक्षरांत."

ती खुर्चीवरून उठली. अनंतराव बसले. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि ते घड्याळाच्या खिडकीकडे वळले. "आधी वेळ दुरुस्त करतो."

"आधी पाठवा. आत्ता दुरुस्त केली तर नांदेडला वाचता कुठून येईल? तुमच्या चुकीच्या टाइमवर बसलेत दोघं."

हे खरं होतं. कबुली द्यायची तर त्या चार सेकंदांच्या आतूनच द्यावी लागणार होती.

त्यांनी एका बोटानं टाइप केलं. रोमन अक्षरं, मराठी शब्द. एम, ए, जे, एच, आय. मग मोकळी जागा. चूक. पुन्हा मोकळी जागा, आणि चारचा आकडा. एक अक्षर उरलं होतं, तिथं सेकंदांचा एस घातला. बरोबर तेरा भरली. इंदूनं चष्म्यावरून मोजून घेतली.

पाळी आली. सूर निघाला. पंधरा सेकंद तो बारीक आवाज सभागृहात वाजत राहिला. अनंतरावांनी लॅपटॉपवरून हवेत सोडलेली ही पहिली ओळ होती, आणि ती अर्ध्यात थांबवता येत नव्हती.

मग ऐकायची पाळी. नांदेड गप्प. पुन्हा एक पाळी गेली. किल्लारी पण गप्प. इंदू वही बंद करून वायरी गुंडाळत होती, पण रेडिओची वायर तिनं काढली नव्हती.

तिसऱ्या वेळी ओळ उमटली. दयानंदची. ओके सर, आणि पुढे वजा सात. आपला सूर पलीकडे किती ताकदीनं पोचला त्याचा हा आकडा, मंडळात कुणीही कुणाला उत्तर देताना सवयीनं जोडतो तो. वजा जितका लहान तितका सूर मोठा. सकाळपासून नांदेडनं इंदूला वजा नऊ दिले होते, प्रत्येक वेळी. तिच्या वहीत तेच होतं, पानभर.

अनंतराव त्या साताकडे बघत राहिले. नको त्या वेळी, नको त्या जागी, छातीत काहीतरी थोडंसं फुगलं. त्यांनी तोंड सरळ ठेवलं.

"बघितलं मी," मागून इंदू म्हणाली. "दोननं जास्त हाय. आता उठा, मला घड्याळ लावायचंय."